दारावरच्या माणसाची पहिली वेबसाइट

३ मार्च

मेहुण्यानं सांगितलंय की रोज जे शिकाल ते लिहून ठेवा, म्हणून ही वही. शाळा सुटल्यापासून पोलिसांच्या कागदावर सही करण्यापलीकडे मी काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराबद्दल कुणी बोलू नये.

गुडघ्याचं आज पक्कं कळलं. डॉक्टर म्हणाले, चालाल, जिने चढाल, पण तासन्‌तास उभं राहणं संपलं. आणि बारच्या दारावर उभं राहणं हेच तर माझं काम. दारावर अडवलेल्या दोघांनी गुडघ्यावर लोखंडी गज घातला तेव्हा मी एकाचा जबडा तोडला होता. दुसऱ्याचा दात माझ्या मुठीत घुसून बसला, तो नंतर नर्सनं चिमट्यानं काढला. मालक दवाखान्यात आले, फळं ठेवून गेले आणि दुसऱ्याच दिवशी दारावर नवा माणूस उभा केला. बारमध्ये मला सगळे खांब म्हणायचे. एक खांब मोडला की दुसरा लावतात, त्यात रागावण्यासारखं काही नाही. मी रागावलोय, ते वेगळं.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. वेबसाइटी बनवतो. त्यानं आज त्याचा जुना लॅपटॉप आणून दिला. म्हणाला, "भाऊजी, बसून करायचं काम आहे. शिका." मी हसलो. ही हसली नाही. म्हणाली, "शिका की. मीपण बसेन शेजारी, हातातलं काम आटपलं की."

ही एका दुकानासाठी कपडे उसवून लहान-मोठे करून देते. घरभर धागे असतात.

५ मार्च

कशापासून सुरुवात करायची ते मेहुण्यानं समजावलं. आधी एचटीएमएल, मग सीएसएस, मग जावास्क्रिप्ट. पहिलं म्हणजे पानाची हाडं, दुसरं कातडी, तिसरं हालचाल. हे मला लगेच कळलं. हाड कुठं मोडतं, कातडी कुठं पातळ असते आणि माणूस अंगावर यायच्या आधी त्याचा कुठला खांदा हलतो, यावरच आजवर माझा संसार चालला.

"याच क्रमानं शिका," तो म्हणाला. "घाई करू नका. आणि एडिटर कुठलाही एक साधा घ्या. लिहायचं त्यात, बघायचं ब्राउझरमध्ये. बाकी दुकान मांडू नका."

शेवटी म्हणाला, केलेल्या कामाच्या आधीच्या प्रती सांभाळणारं एक साधन असतं, तेवढं आजच बसवू. काही बिघडलं तर कालच्यावर परत जाता येतं. मी म्हटलं, परतीची वाट धरून मारामारीला कुणी जात नाही. नको. त्यानं हिच्याकडं बघितलं, हिनं त्याच्याकडं. हे बहीण-भाऊ असे एकमेकांकडं बघतात ते मला आवडत नाही.

११ मार्च

आठवडाभर व्हिडिओ बघितले. एक सांगतो हे शिका, ते मेलंय. दुसरा सांगतो ते शिका, हे मेलंय. एक चष्मेवाला तर म्हणतो की जावास्क्रिप्ट थेट शिकणारा मूर्ख, आधी अमुक ढाचा घ्या. मी तोही उतरवून घेतला. चार एडिटर झालेत. एकाचा पडदा काळा आहे, तो मला जरा मर्दानी वाटतो.

दिवसभर हत्यारं गोळा केली आणि घाव एकही घातला नाही. ही म्हणाली, "अहो, एकच काहीतरी धरून बसू या का?"

मी विचारलं, "तुझ्याकडं कात्र्या किती?"

"एक मोठी, एक धाग्याची."

मी काळा एडिटर ठेवला, बाकीचे काढून टाकले. ते मी तसंही करणारच होतो.

१४ मार्च

पहिलं पान झालं. मोठ्या अक्षरात माझं नाव आणि खाली दोन ओळी. पोरीला दाखवलं. ती म्हणाली, "छान आहे बाबा," आणि आईच्या मागं जाऊन उभी राहिली.

मग दुपारी सगळं बिघडलं. एक शब्द ठळक करायला गेलो तर पानाचं पान ठळक झालं. तास गेला, दोन गेले. डोक्यात ते गरम पाणी चढायला लागलं. लॅपटॉपचं झाकण आपटलं, त्याला कोपऱ्यात चीर गेली. मग कपाटाला मूठ मारली ती दारातून आरपार गेली. प्लायवूड आजकाल फार हलकं येतं.

ही आली. कपाटाकडं बघितलं नाही. झाकण हळूच उघडलं आणि पडद्यावर बोट ठेवलं. एक टॅग, म्हणजे ठळक करायची खूण, उघडला होता, बंद करायचा राहिला होता. तिरकी रेघ घातली नव्हती, एवढंच. मला सापडलीच असती. तिनं घाई केली.

पोरगी हल्ली मी खुर्ची मागं सरकवली की आत जाऊन झोपते. भर दुपारी. अंगात कसकस असेल, डॉक्टरला दाखवायला हवं.

२२ मार्च

सीएसएस. चौकोन पानाच्या मध्यभागी येईना. मेहुण्याला फोन केला तर तो म्हणाला, "भाऊजी, यात जगातले सगळे रडलेत, तुम्ही एकटे नाही." मला हसू आलं. हिनं मागून दोन ओळी सुचवल्या, चौकोन टुणकन मध्ये येऊन बसला. पोरगी टाळ्या वाजवायला लागली. तिघं एकत्र जेवलो. मी भांडी घासली.

असेही दिवस असतात. त्यांचं कुणी नाव काढत नाही.

२ एप्रिल

आज मालक घरी आले. त्यांना बारची वेबसाइट हवी आहे. लोकांनी फोनवरून टेबल राखून ठेवावं, वेळ टाकावी, नाव टाकावं. नूतनीकरण चाललंय, विसाव्या तारखेच्या शनिवारी नव्यानं उघडणार. म्हणाले, "खांब, तू शिकतोयस असं ऐकलं. म्हटलं आपल्याच माणसाला द्यावं."

मी म्हटलं, झालं असं समजा.

मेहुणा समोरच बसला होता. तो म्हणाला, "भाऊजी, जावास्क्रिप्ट तर तुम्ही आत्ता कुठं उघडलंय. टेबल राखायला तयार साधनं मिळतात, तेच जोडू. स्वतः लिहायला गेलात तर एकाच वेळी दोघांनी बटण दाबल्यावर काय होईल, हे सगळं बघावं लागतं."

मालकांसमोर. माझ्या घरात, माझ्या खुर्चीवर बसून.

मालक जाईपर्यंत मी चांगला वागलो. मेहुणा निघाला तेव्हा त्याला जिन्यात गाठलं. तो म्हणाला, "भाऊजी, मी तुमच्या भल्याचंच," आणि पुढचं मी ऐकलं नाही. नाकावर एकच दिला. मोडलं की नाही ते आवाजावरून कळतं. मोडलं होतं. तो खाली बसला, दोन्ही हातांच्या ओंजळीत रक्त धरून, जसं काही सांडलं तर ओरडा बसेल. मी त्याला कॉलर धरून उठवलं आणि भिंतीवर डोकं आपटलं. दोनदा आपटलं असेल. ही धावत आली, मध्ये घुसली. मी तिला बाजूला केलं आणि जिन्याचा कठडा तिच्या बरगडीला लागला. कठडा लागला, मी मारलं नाही. हे लिहून ठेवतो, कारण उद्या कुणी वेगळं सांगेल.

वरच्या मजल्यावरच्या बाई दारात उभ्या होत्या. मी बघितल्यावर आत गेल्या.

५ एप्रिल

हिला श्वास घेताना दुखतं. दुकानात तिनं पाय घसरला असं सांगितलं. मी तसं सांगायला सांगितलं नव्हतं, तिचं तिनंच ठरवलं. समजूतदार आहे.

मेहुणा येत नाही. त्याच्याशिवाय काही अडत नाही.

टेबलाचं जमत नाही.

१२ एप्रिल

गुडघ्याच्या व्यायामाला गेलो होतो. तिथली बाई माझा पाय असा वाकवते की एखाद्याला मी असं केलं असतं तर आत टाकलं असतं. परत आलो तर लॅपटॉप उघडा होता आणि टेबल राखायचं पान चालत होतं. नाव टाकलं, वेळ टाकली, "टेबल तुमचं" असं आलं. तेच टेबल, तीच वेळ पुन्हा टाकली. "हे आधीच कुणी घेतलं आहे" असं आलं.

मी विचारलं, "कुणी केलं?"

"मी जरा बघत होते," ही म्हणाली. "घरातून बाहेर पडताना किल्ली घेतली का बघतो ना आपण, तसं. आधी टेबल रिकामं आहे का बघायचं आणि मगच नाव लिहायचं."

"भावाकडं जातेस?"

"नाही."

"मग शिकलीस कुठं?"

"तुमच्या शेजारी बसून."

मला आनंद व्हायला हवा होता. तिनं लिहिलेलं वाचायला बसलो. प्रत्येक ओळ सरळ, नावं अशी दिलेली की कशाचं काय ते कळावं, तिच्या टाक्यांसारखं सगळं. माझं लिहिलेलं असं दिसत नाही. मी तिचा हात धरला, जरा जोरात धरला गेला असेल, आणि म्हटलं, मालकांना हे मी केलंय असंच कळलं पाहिजे. ती म्हणाली, "तुमचंच आहे." हात सोडला तेव्हा बोटं उमटली होती. गोऱ्या कातडीवर लगेच उमटतं.

संध्याकाळी मालकांना दाखवलं. ते म्हणाले, "खांब, तू डोकेबाज निघालास रे." स्वयंपाकघरातून भाजी ढवळण्याचा आवाज येत होता, तो क्षणभर थांबला आणि परत सुरू झाला.

१८ एप्रिल

मालकांना बटण निळं हवं होतं आणि संध्याकाळचे दोन भाग हवे होते, लवकरचा आणि उशिराचा. बटण निळं केलं. दोन भाग करायला गेलो तर हिच्या ओळींत हातच घालता येईना. एक हलवली की तिसरीकडं दुखायचं. शेवटी ठरवलं, माझ्या कामात दुसऱ्याची ओळ नको. तिचा तो तपासायचा भाग सगळा उडवला आणि माझा घातला, निम्म्या लांबीचा. फोनवरून एक टेबल घेऊन बघितलं. मिळालं.

ही मागं येऊन उभी होती. बराच वेळ.

"काय?" मी विचारलं.

"काही नाही."

"बरोबर आहे ना?"

"तुम्ही म्हणता तर असेल."

याला काय उत्तर म्हणायचं? सरळ बोलायला या बाईला जमतच नाही.

२९ एप्रिल

वही घरी राहिली. वकिलानं कागद दिलेत, त्यावर लिहितो. कोठडीत आहे. जे झालं ते क्रमानं लिहा, असं वकील म्हणाला. त्याला द्यायचं ते वेगळं लिहिलंय. हे माझ्यासाठी.

बार नव्यानं उघडला त्या शनिवारी संध्याकाळी मालकांचा फोन आला. मागून आरडाओरडा ऐकू येत होता. "प्रत्येक टेबल दोघा-दोघांना दिलंय तुझ्या पानानं. ये. तू केलंयस, तूच निस्तर." मेहुण्यानं सांगितलेली परतीची वाट ठेवली नव्हती, तेव्हा पान आहे तसंच चालू होतं आणि लोक अजून टेबलं घेत होते. मी काठी घेतली आणि निघालो.

दारावरचा नवा माणूस पायरीवर बसला होता. त्याच्या गालात बाटलीची काच होती, ती काढावी की राहू द्यावी हे त्याला कळत नव्हतं. आत दोन मोठे गट होते, एक कुठल्याशा कंपनीचा, एक फुटबॉल खेळणाऱ्यांचा. नव्या फरशीवर दारू आणि रक्त मिसळून निसरडं झालं होतं. एक बाई टेबलाखाली गुडघे पोटाशी घेऊन बसली होती आणि तिच्या डोक्यावर टेबलावर दोघं एकमेकांचे गळे धरून लोळत होते. मी त्यातल्या वरच्याला केसाला धरून उचललं आणि भिंतीला लावलं. मग पुढचा. मग त्याच्या पुढचा. गुडघा दुखत नव्हता. खरं सांगतो, मला बरं वाटत होतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला माहीत होतं की पुढचं काय करायचं.

तेवढ्यात मागून कुणीतरी खांद्याला हात लावला. मी वळलो आणि वळता वळताच काठीची लोखंडी मूठ त्याच्या कानामागं घातली. तो तरुण होता, पंचविशीतला. लाकडी खोका पडावा तसा पडला. पडल्यावर मी परत घातली. दोनदा. मालक ओरडत होते, "खांब, पुरे, अरे पुरे." मग दिसलं की त्याच्या हातात फोन आहे. फोनवर माझं पान उघडं होतं. निळं बटण, खाली त्याचं नाव आणि "टेबल तुमचं". तेवढंच दाखवायला आला होता तो. त्याच्या कानातून रक्त येत होतं आणि पाय आपोआप हलत होते, झोपेत कुत्र्याचे हलतात तसे.

गडबडीत मी मागच्या दारानं निघालो आणि घरी आलो.

ही जागीच होती. माझ्या शर्टाकडं बघितलं आणि पाणी आणायला वळली. मी म्हटलं, थांब. विचारलं, "तुला दिसलं होतं का? त्या दिवशी, मागं उभी होतीस तेव्हा?"

"हो."

"काय दिसलं होतं?"

"तपासायची ओळ तुम्ही काढलीत. मग कुणालाही कुठलंही टेबल मिळणार."

"मग बोलली का नाहीस? तोंड नव्हतं तुला?"

ती माझ्याकडं वळली. मग म्हणाली, "बोलले असते तर तुम्ही काय केलं असतं?"

आवाज चढवून नाही, टोमणा मारूनही नाही. खरंच विचारत होती. त्याचं मला काहीतरी झालं. मी स्टूल उचललं. पहिला फटका तिनं हातावर घेतला, हात मोडल्याचं मला कळलं. दुसरा कुठं बसला ते मी बघितलं नाही. ती खाली होती आणि मी परत उचललं.

तेव्हा पोरगी दारात उभी दिसली. झोपायला गेली नव्हती. आईचा फोन कानाला धरला होता आणि आमचा पत्ता सांगत होती. रस्ता, इमारत, मजला, जिन्याच्या डाव्या हाताचं दार, सगळं सावकाश, पाठ केल्यासारखं. मग म्हणाली, "बाबा आईला मारतायत. हो, आत्ता. मी बघतेय." माझ्याकडं बघतच बोलत होती. तिला हे कुणी शिकवलं असेल याचा मी तेव्हापासून विचार करतोय.

मी स्टूल खाली ठेवलं. हेही लिहून ठेवतो.

१६ जुलै

कोर्ट. तो तरुण वाचला. डाव्या कानानं ऐकू येत नाही आणि शब्द शोधत शोधत बोलतो. त्याची आई माझ्याकडं बघत होती, मी तिच्याकडं नाही.

मग ही उभी राहिली. हाताला अजून पट्टा आहे. कपाट, जिना, बरगडी, मनगट, स्टूल, सगळं सांगितलं. माझी वेबसाइट व्हायच्या आधीचंही सांगितलं, जे मी विसरलोसुद्धा होतो. माझ्या वकिलानं विचारलं, इतकं होत होतं तर राहिलात कशाला? ती म्हणाली, "निघायची तयारी करत होते. काहीतरी काम हातात आल्याशिवाय मुलीला घेऊन निघता येईना."

म्हणजे माझ्या शेजारी बसून ती ते करत होती. मला वाटलं होतं, हिला आवड लागली.

मेहुण्याचं नाक वाकडं बसलंय. बाहेरच्या वऱ्हांड्यात मालक भेटले, म्हणाले, "बारची वेबसाइट आता तुझी बायको बघते. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून एका हातानं दुरुस्त करून दिली तिनं. मनाला लावून घेऊ नकोस, धंदा आहे." हातात बेड्या होत्या म्हणून, नाहीतर मालकांनाही त्या दिवशी कळलं असतं.

शिक्षा झाली. किती ते इथं लिहीत नाही.

९ डिसेंबर

तुरुंगात संगणकाचा वर्ग आहे. इंटरनेट नाही, पण एडिटर आणि ब्राउझर आहे, पान लिहून बघता येतं. शिकवणारे मास्तर निवृत्त आहेत, मान थोडी हलते त्यांची. पहिल्या दिवशी विचारलं, कुणाला काही येतं का? मी म्हटलं, हाडं येतात. ते म्हणाले, म्हणजे? मी म्हटलं, एचटीएमएल.

आज माझ्या शेजारी नवा आला. स्कूटर चोरायचा. अंगानं माझ्या निम्मा, मनगटं काड्यांसारखी. तो आपल्या आईचं नाव पानावर मोठ्या अक्षरात आणायला बघत होता आणि ते येत नव्हतं. तो हळूहळू शिव्या द्यायला लागला, आधी पडद्याला, मग कीबोर्डला. मग एकदम दोन्ही मुठी टेबलावर आपटल्या. कीबोर्ड उडाला.

मी दचकलो. नुसता दचकलो नाही. हात टेबलाखाली घेतले, खुर्ची आवाज न करता जरा बाजूला सरकवली आणि त्याच्या हातांवर नजर ठेवली, पुढं ते कुठं जातात हे बघायला. एका फटक्यात झोपवला असता मी त्याला. तरी खुर्ची आणखी वीतभर सरकवली.

तो माझ्याकडं वळून म्हणाला, "काय चुकतंय रे यात?"

मला दिसत होतं. दुसऱ्याच ओळीत होतं, बोट ठेवून दाखवण्यासारखं.

मी म्हटलं, "काही नाही. बरोबर दिसतंय."

का म्हटलं कोण जाणे. मास्तर येईपर्यंत मी माझ्या पडद्याकडं बघत बसलो.